युद्धकैदी कोणाला म्हणायचे? : चिंत सिंग आणि पूर्व आघाडीवरील भारतीय सैनिक

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश भारतीय सेनेची संख्या २५ लाखांच्या पुढे गेली. यातील बहुसंख्य सैनिक खेड्यांतून आलेले होते. त्यांपैकी ज्यांना पराक्रमाची पदके मिळाली त्यांची नावे पाठ्यपुस्तकांत येतात, आझाद हिंद सेनेत गेलेल्यांची कथा स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात येते. पण शत्रूच्या हाती सापडून वर्षानुवर्षे कैदेत राहिलेला, आणि वाचला तर मुकाट्याने गावी परतलेला सैनिक या दोन्ही कथांत सहसा दिसत नाही.

प्रस्तुत पाठात आपण अशा एका सैनिकाच्या आयुष्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणार आहोत. हे सैनिक म्हणजे कांगड्याचे डोग्रा राजपूत जमादार चिंत सिंग. त्यांच्या निमित्ताने एक मुद्दा तपासायचा आहे. युद्धकैदी हा शब्द वरवर साधा वाटतो, पण पूर्वेकडील भारतीय सैनिकांच्या बाबतीत तो शब्द लागू आहे की नाही, यावरच वाद झाला. पकडणाऱ्या जपानने तो नाकारला, परत आलेल्यांची ब्रिटिश सरकारने रंगांनुसार विभागणी केली आणि स्वतंत्र भारताच्या स्मृतीत या लोकांना वेगळी जागाच उरली नाही.

शेतकरी घरातून पलटणीत

कांगडा जिल्हा आज हिमाचल प्रदेशात आहे, त्या काळी तो पंजाब प्रांतात होता. डोंगरउतारावरची लहान शेते, वाटण्या होत होत आणखी लहान झालेली जमीन आणि रोख उत्पन्नाची मोजकी साधने ही तेथील शेतकरी घरांची परिस्थिती होती. घरातला एक मुलगा पलटणीत गेला की दरमहा मनीऑर्डर येई आणि नोकरी पूर्ण झाली की निवृत्तिवेतन मिळे. इंग्रजांच्या 'लढाऊ जमाती' या धोरणामुळे डोग्रा, शीख, पंजाबी मुसलमान, गढवाली, मराठा अशा ठरावीक समाजांतून आणि ठरावीक जिल्ह्यांतून भरती होई. त्यामुळे एकेका कंपनीत शेजारपाजारच्या गावांतले, एकमेकांच्या नात्यातले लोक असत. ही गोष्ट पुढे कैदेतले निर्णय समजून घेताना महत्त्वाची ठरते.

सैनिक परदेशी गेला की आपल्या पगाराचा ठरावीक भाग घरी देण्याची व्यवस्था करून जाई. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेली सैनिक मंडळे गावपातळीवर पत्रव्यवहार, भत्ता आणि निवृत्तिवेतनाची कामे पाहत. थोडक्यात, सरकार आणि सैनिक यांच्यातला करार केवळ एका माणसाशी नव्हता. त्याच्या मागे घर, जमीन, कर्ज आणि लेकीसुनांचा खर्च उभा होता. सैनिकाच्या निष्ठेचा विचार करताना हा करार नजरेआड करता येत नाही.

चिंत सिंग १२ व्या फ्रंटियर फोर्स रेजिमेंटमध्ये होते. जमादार हे भारतीयांसाठीचे सर्वांत खालचे अधिकारीपद; आज त्याला नायब सुभेदार म्हणतात. या पदावरचा माणूस जवान आणि गोरा अधिकारी यांच्यामधला दुवा असे. जवानांची भाषा, गावे आणि घरची अडचण त्याला ठाऊक असे.

सिंगापूर : शरणागती आणि निवड

८ डिसेंबर १९४१ च्या पहाटेपूर्वी जपानी सैन्य मलायाच्या ईशान्य किनाऱ्यावर कोटा भारू येथे उतरले. तेथे भारतीय सेनेची आठवी ब्रिगेड बचाव करत होती. त्यानंतर दोन महिने माघार चालू राहिली आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी जनरल पर्सिव्हल यांनी सिंगापूर जपानी सेनापती यामाशिता यांच्या स्वाधीन केले.

दोन दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, भारतीय सैनिकांना फॅरर पार्क येथील मैदानावर एकत्र करण्यात आले. त्यांची संख्या ४० हजारांच्या पुढे होती. ब्रिटिश अधिकाऱ्यांना आधीच वेगळे काढून चांगीकडे पाठवले होते. एका ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतीय सैनिकांना जपानी मेजर फुजिवारा यांच्या ताब्यात दिले आणि फुजिवारा यांनी त्यांना कॅप्टन मोहन सिंग यांच्याकडे सोपवले. मोहन सिंग यांनी जपान्यांच्या मदतीने आझाद हिंद सेनेची उभारणी आधीच सुरू केली होती. अनेक सैनिकांच्या मनात या प्रसंगाचा एकच अर्थ राहिला : ज्यांच्या हुकमावरून आपण लढलो, त्यांनीच आपल्याला दुसऱ्याच्या हाती दिले.

सप्टेंबर १९४२ मध्ये सुमारे १६ हजार सैनिकांची पहिली आझाद हिंद सेना औपचारिकपणे उभी राहिली. डिसेंबरमध्ये जपान्यांशी मतभेद होऊन मोहन सिंग यांना अटक झाली आणि ती सेना विसर्जित झाली. जुलै १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापूरला आले आणि त्यांनी सेनेची पुनर्रचना केली.

सैनिकांनी कोणती निवड केली, आणि का केली? याचे उत्तर 'देशभक्त' आणि 'राजनिष्ठ' अशा दोन पेट्यांत बसत नाही. सेनेत सामील झालेल्यांपैकी अनेकांना स्वातंत्र्याची खरी ओढ होती. गोऱ्या आणि भारतीय अधिकाऱ्यांच्या पगारातला व वागणुकीतला फरक अनेकांनी सोसला होता. साम्राज्य डोळ्यांदेखत कोसळताना त्यांनी पाहिले होते. काहींना आपल्या जवानांना जपानी मजुरीपासून वाचवायचे होते, तर काहींवर दबावही आला. सामील न झालेल्यांचीही कारणे अनेक होती. घेतलेली शपथ आणि खाल्लेले मीठ ही सैनिकी समाजात केवळ बोलायची गोष्ट नव्हती. जपान्यांवर विश्वास नव्हता. आपण बाजू बदलली तर घरचा भत्ता थांबेल आणि निवृत्तिवेतन बुडेल ही भीतीही होती. शिवाय पुष्कळदा निर्णय एकट्याने होत नसे. सुभेदार-जमादार जिकडे जात तिकडे त्या भागातले जवान जात, कारण उद्या गावी परतल्यावर त्यांच्याच शेजारी राहायचे होते.

सामील न झालेल्यांपैकी हजारो जणांना १९४३ पासून बोटींत कोंबून पॅसिफिकमधल्या दूरच्या बेटांवर नेण्यात आले : न्यू गिनी, न्यू ब्रिटन, पलाऊ. चिंत सिंग न्यू गिनीला जाणाऱ्यांत होते.

न्यू गिनी : शब्द काढून घेतलेले कैदी

न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावरील वेवाक येथे सुमारे तीन हजार भारतीय कैदी उतरवण्यात आले. तेथे जपानचे मोठे विमानतळ आणि १८ व्या सैन्याचा तळ होता. कैद्यांकडून धावपट्ट्या बांधणे, बोटींतून माल उतरवणे, रस्ते करणे अशी कामे करून घेतली जात. ऑगस्ट १९४३ पासून अमेरिकन विमानांनी वेवाकच्या धावपट्ट्यांवर जोरदार हल्ले सुरू केले. कैदी ज्या ठिकाणी राबत होते तीच ठिकाणे मित्रराष्ट्रांच्या बॉम्बची लक्ष्ये होती.

येथे कायद्याचा एक मुद्दा समजून घ्यावा लागतो. युद्धकैद्यांच्या वागणुकीविषयी १९२९ चा जिनिव्हा करार होता. जपानने त्यावर सही केली होती, पण त्याला अंतिम मान्यता दिली नव्हती. १९४२ च्या सुरुवातीला आपण त्यातील तरतुदी योग्य त्या फेरफारांसह पाळू, असे मात्र कळवले होते. भारतीयांच्या बाबतीत जपानी अधिकाऱ्यांनी आणखी एक वाट काढली. हे लोक आता युद्धकैदी नाहीत, ते आमच्या बाजूला आलेले कामगार आहेत, अशी भूमिका घेऊन त्यांच्या कामगार तुकड्या बनवल्या. शब्द बदलला की अन्न, औषध, पत्रे, शिक्षा यांविषयीचे सगळेच हक्क गेले.

तुलनेसाठी दुसरी आघाडी पाहू. जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तोब्रुक पडले, तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन अकराव्या भारतीय ब्रिगेडसह पकडली गेली. तोब्रुकला पकडलेल्या भारतीयांना इटलीतील आणि नंतर जर्मनीतील छावण्यांत ठेवण्यात आले. कैद ती कैदच. उपासमार, थंडी आणि अपमान तेथेही होते. पण ते युद्धकैदी आहेत हे पकडणाऱ्यांनी मान्य केले होते. म्हणून त्यांना क्रमांक मिळाला, रेड क्रॉसमार्फत खाद्यपदार्थांची पार्सले आली आणि घरी पत्र जाऊ शकले. कोकणातल्या किंवा घाटावरच्या घराला आपला माणूस जिवंत असल्याचे कळू शकत होते. वेवाकच्या कैद्यांच्या घरी मात्र वर्षानुवर्षे शांतता होती.

एप्रिल १९४४ मध्ये मित्रराष्ट्रांचे सैन्य पश्चिमेकडे ऐतापे आणि हॉलंडिया येथे उतरले. यामुळे वेवाकच्या परिसरातले जपानी सैन्य दोन्ही बाजूंनी तुटले आणि त्यांची रसद बंद झाली. जपानी सैनिकच उपाशी मरू लागले, तेथे कैद्यांचे काय होणार? बेरीबेरी, हिवताप, आमांश आणि चिघळलेल्या जखमा यांनी माणसे गेली. आजारी माणसाला कामावर काढणे, मारहाण, किरकोळ चोरीच्या संशयावरून ठार मारणे अशा घटना पुढे साक्षींत नोंदल्या गेल्या. उपासमारीच्या शेवटच्या काळात कैद्यांना मारून त्यांचे मांस खाल्ल्याच्या साक्षीही ऑस्ट्रेलियन तपास अधिकाऱ्यांपुढे आल्या. अभ्यासकाने हा तपशील सनसनाटीसाठी वापरू नये, पण टाळूही नये. तो शपथेवर दिलेल्या साक्षींचा भाग आहे.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. सप्टेंबरच्या अखेरीस सेपिक नदीकाठच्या अँगोराम येथे ऑस्ट्रेलियन सैन्याच्या हाती काही भारतीय कैदी आले. चिंत सिंग यांच्यासह ते अकरा जण होते.

न्यायालयात : 'हे युद्धकैदी होते का?'

या अकरा जणांना भारतात परत पाठवायचे ठरले. मात्र युद्धगुन्ह्यांच्या तपासासाठी साक्षीदार हवा होता, म्हणून चिंत सिंग यांना मागे ठेवण्यात आले. नोव्हेंबर १९४५ मध्ये उरलेल्या दहा जणांना घेऊन निघालेले विमान कोसळले आणि ते सर्व मृत्यू पावले. साडेतीन वर्षांची कैद पार करून आलेली माणसे घरच्या वाटेवर गेली. चिंत सिंग एकटे उरले, आणि त्या सर्वांच्या वतीने बोलण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. त्यांनी जपानी अधिकाऱ्यांना ओळखून दाखवले आणि ऑस्ट्रेलियन लष्करी न्यायालयांपुढे साक्ष दिली.

भारतीय कैद्यांशी संबंधित अनेक खटले न्यू ब्रिटनमधील राबाउल येथे चालले. सिंगापूरमध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाने जानेवारी १९४६ मध्ये चालवलेला पहिलाच खटला, गोझावा सादाइची आणि इतर नऊ जणांवरचा, पलाऊ बेटांवर नेलेल्या भारतीय कैद्यांच्या छळाविषयी होता. अशा खटल्यांत बचाव पक्षाचा एक युक्तिवाद पुन्हा पुन्हा येई : हे भारतीय युद्धकैदी नव्हतेच, ते स्वखुशीने जपानच्या सेवेत आले होते. म्हणजे आरोपींचे भवितव्य एका शब्दावर अवलंबून होते. पकडला गेलेला सैनिक सक्तीने कामाला लावल्याने किंवा त्याच्या तुकडीचे नाव बदलल्याने त्याचे युद्धकैदीपण संपते का? न्यायालयांनी आरोपींना दोषी धरले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तरही दिले गेले.

जुलै १९४६ मध्ये राबाउल येथे चाललेल्या तनाका चुइची आणि इतर दोघांवरच्या खटल्याचा येथे उल्लेख करायला हवा. शीख कैद्यांना खांबाला बांधून त्यांचे केस आणि दाढी कापणे आणि त्यांना सिगारेट ओढायला लावणे, हे त्यातील आरोपांपैकी होते. युद्धगुन्हे आयोगाने प्रसिद्ध केलेल्या निवडक खटल्यांत याचा समावेश आहे. मारहाणीचे व्रण दाखवता येतात. केस कापल्याचा अपमान न्यायालयाला समजावून सांगावा लागतो. पंजाबच्या खेड्यातल्या सैनिकाचा धर्म आणि त्याची इज्जत आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत नोंदली गेली, ती अशा साक्षींमुळे.

वेवाकच्या जपानी सैन्याचे प्रमुख जनरल अदाची यांच्यावरही त्यांच्या हाताखालील लोकांनी कैद्यांवर केलेल्या अत्याचारांसाठी खटला चालला. त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. सप्टेंबर १९४७ मध्ये त्यांनी राबाउल येथे आत्महत्या केली.

परतीचा हिशेब : पांढरे, करडे, काळे

भारतात याच काळात वेगळाच हिशेब चालू होता. पूर्वेकडून परत आलेल्या प्रत्येक सैनिकाची चौकशी होई आणि त्याला एका वर्गात टाकले जाई. निष्ठा न सोडलेले ते 'पांढरे', दिशाभूल झालेले ते 'करडे', आणि मनापासून आझाद हिंद सेनेत गेलेले ते 'काळे'. पांढऱ्यांना सेवेत परत घेतले गेले, करड्यांना सेवामुक्त केले गेले, आणि काळ्यांना बडतर्फ करून त्यांचे कैदेतल्या काळाचे वेतन जप्त झाले.

नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाझ खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला सुरू झाला. भुलाभाई देसाई यांनी बचाव केला. देशभर निदर्शने झाली आणि जानेवारी १९४६ च्या सुरुवातीला सरसेनापती ऑकिनलेक यांनी जन्मठेपेची शिक्षा माफ केली. या खटल्याने आझाद हिंद सेनेला राष्ट्राच्या हृदयात जागा दिली. पण गावात परतलेल्या साध्या शिपायाचा प्रश्न सुटला नाही. स्वातंत्र्यानंतरही या सैनिकांना भारतीय सेनेत परत घेतले गेले नाही. १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना सुरू केली. तिचा लाभ आझाद हिंद सेनेतील लोकांनाही खुला झाला. तोपर्यंत एका पिढीचा काळ गेला होता. ज्याच्या हाती नांगराखेरीज काही नव्हते, त्याच्यासाठी ती २५ वर्षे फार मोठी होती.

म्हणजे एकाच पलटणीतून, कदाचित एकाच गावातून गेलेल्या दोन माणसांचे चित्र असे दिसते. एकाने सेना बदलली : त्याला मिरवणुकीत मान मिळाला, पण वेतन गेले. दुसऱ्याने सेना बदलली नाही : त्याची नोकरी टिकली, पण त्याने सोसलेल्या यातनांबद्दल बोलायला व्यासपीठ नव्हते. दोघांनीही किंमत मोजली. त्या दोघांच्या किमती एकमेकांविरुद्ध मांडणे हे इतिहासाचे काम नाही.

विस्मृतीची कारणे

चिंत सिंग यांनी स्वतंत्र भारताच्या सेनेत सेवा केली आणि ते मेजर पदापर्यंत पोहोचले. तरीही वेवाकच्या कैद्यांची कथा भारतात फारशी सांगितली गेली नाही. याची तीन कारणे लक्षात घ्यावीत.

पहिले कारण फाळणीचे. पलटणीची स्मृती पलटण जपते : वर्धापनदिन, भोजनगृहातील चित्रे, मृतांच्या याद्या. पण चिंत सिंग यांची १२ वी फ्रंटियर फोर्स रेजिमेंट १९४७ मध्ये पाकिस्तानच्या वाट्याला गेली. मलायात लढलेल्या १४ व्या आणि १६ व्या पंजाब रेजिमेंटचेही तेच झाले. डोग्रा आणि शीख सैनिक भारतातल्या दुसऱ्या रेजिमेंटांत आले. माणसे इकडे आणि त्यांच्या पलटणीचा इतिहास तिकडे, अशी विभागणी झाली.

दुसरे कारण राष्ट्रीय कथेचे. स्वातंत्र्यानंतर 'इंग्रजांसाठी' सोसलेल्या हालांचा गौरव करणे अवघड होते. आझाद हिंद सेनेत न गेलेला कैदी म्हणजे देशाच्या हाकेला न धावलेला माणूस, असा सोपा अर्थ लागू शकत होता. असा अर्थ लावला जाईल या जाणिवेने माणसे गप्प बसू शकतात.

तिसरे कारण लेखणीचे. ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश कैद्यांची असंख्य आत्मचरित्रे आहेत. भारतीय कैद्यांची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मंगळूरजवळच्या किन्निगोळी गावचे जॉन बॅप्टिस्ट क्रास्टा हे त्या मोजक्यांपैकी एक. ते सेनेत कारकून होते, सिंगापूरला पकडले गेले आणि न्यू ब्रिटनला नेले गेले. परतल्यावर त्यांनी आपला अनुभव लिहून काढला, पण तो पुस्तकरूपाने बाहेर यायला १९९० चे दशक उजाडले. लिहिता येणाऱ्या माणसाला एवढा काळ लागला, तर जेमतेम अक्षरओळख असलेल्या जवानाचे काय?

अभ्यासाची दिशा

मग अशा माणसाचा इतिहास लिहायचा कसा? चार प्रकारची साधने उपलब्ध आहेत. एक, युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांची कागदपत्रे. यांत एरवी न बोलणारा शिपाई शपथेवर बोलतो, मात्र विचारलेल्या प्रश्नापुरताच बोलतो. दोन, राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदी. पापुआ न्यू गिनीतील लाए आणि बिता पाका येथे भारतीय सैनिकांच्या कबरी आहेत. तीन, सेवापुस्तक आणि निवृत्तिवेतनाचे कागद. हे आजही अनेक घरांत पेटीच्या तळाशी असतात. चार, कुटुंबाची तोंडी आठवण. आजोबा ताटात शीत टाकू देत नसत किंवा युद्धाविषयी विचारले की उठून जात, एवढीच आठवण असली तरी ती नोंदवण्याजोगी आहे. मात्र तोंडी आठवण कागदाशी ताडून पाहिली पाहिजे आणि कागद कोणी, कशासाठी लिहिला हेही तपासले पाहिजे. चौकशी अधिकाऱ्याने लिहिलेला 'करडा' हा शेरा त्या माणसाच्या मनाचा पुरावा नाही. तो त्या अधिकाऱ्याच्या मताचा पुरावा आहे.

समारोप

चिंत सिंग यांच्या साक्षीचे महत्त्व केवळ काही अपराध्यांना शिक्षा होण्यात नाही. आपले सोबती कामगार नव्हते, फितूर नव्हते, सैनिक होते आणि कैदी होते, हे त्यांनी न्यायालयापुढे उभे राहून सांगितले. जे मेले त्यांना त्यामुळे त्यांचे खरे नाव परत मिळाले. ग्रामीण सैनिकाचा इतिहास लिहिताना त्याला आधी वीर किंवा गद्दार ठरवून चालत नाही. तो कोणत्या घरातून आला, कोणत्या कराराने बांधला गेला आणि कैदेत त्याच्यापुढे कोणत्या वाटा खुल्या होत्या, हे आधी पाहावे लागते.

विचारार्थ प्रश्न

१. जपानी अधिकाऱ्यांनी भारतीय कैद्यांना 'कामगार' ठरवल्याने व्यवहारात कोणते फरक पडले?

२. सिंगापूरमधील सैनिकांच्या निवडीमागील आर्थिक, सामाजिक आणि राजकीय कारणे सोदाहरण स्पष्ट करा.

३. 'पांढरे, करडे, काळे' या वर्गीकरणाचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करताना कोणती काळजी घ्यावी?

४. आपल्या गावातील किंवा परिसरातील एखाद्या माजी सैनिकाच्या कुटुंबाशी, त्यांच्या संमतीने, बोला. घरातील कागदपत्रे आणि तोंडी आठवणी यांत कोठे मेळ बसतो आणि कोठे बसत नाही, याची नोंद करा.